नऊशे सत्त्याऐंशी टनांचं पासिंग

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात गाडीबद्दल पहिला प्रश्न एकच विचारतात: पासिंग किती? म्हणजे किती वजनाची परवानगी? आरसी बुकात जो आकडा असेल तो. मग गाडी काट्यावर चढते, पावती निघते, आणि पावतीचा आकडा पासिंगच्या आत आहे का ते बघायचं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळयांच्या गाड्यांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाचे कागद, लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे दक्षिण कोरियातल्या सेवोल जहाजाबद्दल वाचत असताना एका आकड्याशी मी थबकलो. ९८७ टन. ते त्या जहाजाचं पासिंग होतं. शेवटच्या फेरीला त्याच्या पोटात २,१४२ टन माल होता, अशी नोंद पुढे न्यायालयात झाली.

१६ एप्रिल २०१४च्या सकाळी कोरियाच्या नैऋत्य टोकाला, जिंदो बेटाजवळ सेवोल कलंडलं. जहाजावर ४७६ माणसं होती. १७२ वाचली, ३०४ गेली. गेलेल्यांत २५० जण आन्सान शहरातल्या दानवॉन हायस्कूलचे विद्यार्थी होते. आपल्याकडच्या अकरावीच्या वयाची ही मुलं जेजू बेटावर सहलीला निघाली होती. या दुर्घटनेतल्या दोन गोष्टी जगाच्या लक्षात राहिल्या: मुलांना स्पीकरवरून पुन्हा पुन्हा ‘जागेवरून हलू नका’ असं सांगितलं गेलं, आणि कप्तान त्यांना तसंच सोडून पहिल्या बचाव बोटीतून उतरून गेला. त्या विसरता येण्यासारख्या नाहीतच. पण जहाज आडवं झालं त्याची तयारी आदल्या संध्याकाळी, ते जिथून सुटलं त्या इंचॉन बंदराच्या धक्क्यावर माल भरताना झाली होती, आणि खरं म्हणजे त्याच्याही वर्षभर आधीपासून चालू होती. मी माल भरणाऱ्यांच्यातला माणूस आहे, म्हणून मला त्या भागाबद्दल लिहायचं आहे.

जहाज आणि त्याचे वरचे मजले

सेवोल नवं जहाज नव्हतं. १९९४मध्ये ते नागासाकीत बांधलं गेलं आणि ‘फेरी नामिनोउए’ या नावानं जपानमध्ये कागोशिमा ते ओकिनावा या मार्गावर अठरा वर्षं चाललं. लांबी सुमारे १४६ मीटर, रुंदी २२ मीटर. आपल्या मांडव्याला जाणाऱ्या रो-रोची मोठी बहीण म्हणा: खालच्या मजल्यांवर ट्रक, मोटारी आणि माल, वरच्या मजल्यांवर प्रवासी. २०१२मध्ये चोंगहेजिन मरीन या कोरियन कंपनीनं ते विकत घेतलं. अठरा वर्षांचं जहाज घेणं त्यांना परवडलं, कारण प्रवासी जहाजांच्या वयाची मर्यादा कोरियात २००९ साली वीस वर्षांवरून तीस वर्षांपर्यंत वाढवली होती. जपाननं काढून टाकलेल्या जहाजाला कोरियात अजून एक तप मिळणार होतं.

विकत घेतल्यावर कंपनीनं ते गोदीत नेलं आणि मागच्या बाजूला वर खोल्या वाढवल्या. जास्त प्रवासी बसावेत हा हेतू. वरच्या मजल्यावर एक प्रदर्शनाचं दालनही केलं, त्याला संगमरवर लावला. पुढच्या बाजूचा उजवीकडचा गाड्या चढवायचा रॅम्प काढून टाकला. या सगळ्यानं जहाजाचं वजन वाढलं, आणि मुख्य म्हणजे ते वर वाढलं. जहाजाचा गुरुत्वमध्य अर्धा मीटरभर, तपासाप्रमाणे ५१ सेंटिमीटर, वर सरकला.

अर्धा मीटर ऐकायला काहीच वाटत नाही. उसाची ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. गळिताच्या हंगामात सातारा-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जातात, ऊस कडेच्याही वर दीड-दोन पुरुष रचलेला. सरळ रस्त्यावर ती ट्रॉली कधी पडत नाही. ड्रायव्हरलाही काही जाणवत नाही, ट्रॅक्टर मुकाट्यानं ओढत असतो. वळणावर किंवा साइडपट्टीवरून एक चाक खाली उतरलं की ती झुकते, आणि झुकली की परत येत नाही. तेवढाच ऊस तिनं दोन खेपांत नेला असता तर तेच वळण तिनं रोज घेतलं असतं.

पाण्यात जहाज उभं राहतं ते थोडं वेगळं, पण भाऊबंदच. जहाज डावीकडे कललं की डाव्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाणी त्या बाजूला खालून जोरानं वर ढकलतं. वजन खाली असेल तर हा धक्का जहाजाला पुन्हा सरळ करतो. वजन जितकं वर, तितका त्या धक्क्याचा जोर कमी पडतो. म्हणून जहाजाच्या तळाशी टाक्या असतात आणि त्यांत समुद्राचं पाणी भरून ठेवतात. आजच्या भाषेत बॅलास्ट. कोकणातल्या जुन्या तांडेलांकडे याला शब्द होता, नीरम. गलबत रिकामं जायचं असलं की तळात दगड-वाळूचं नीरम घालायचे, नाहीतर वाऱ्याच्या पहिल्या झोताला ते आडवं व्हायचं. पाणी असो की दगड, काम तेच. या वजनाचं भाडं कुणी देत नाही. ते फक्त जहाजाला सावरून धरतं.

सेवोलची तपासणी करणाऱ्या कोरियन रजिस्टर या वर्गीकरण संस्थेला हे सगळं माहीत होतं. वाढवलेल्या मजल्यांना तिनं मंजुरी दिली ती अटींवर. पूर्वी या जहाजाला २,४३७ टन माल चालायचा, आता ९८७ टनच चालेल. पूर्वी ३७० टन बॅलास्ट पुरायचा, आता १,७०३ टन लागेल. म्हणजे वरच्या खोल्यांच्या बदल्यात निम्म्याहून जास्त माल सोडायचा आणि तळाशी चौपटीहून जास्त पाणी वाहायचं. तांत्रिक दृष्टीनं या अटी बरोबर होत्या. त्या पाळल्या असत्या तर सेवोल आजही कुठेतरी चालत असतं, असं मला वाटतं.

पण धंद्याच्या नजरेनं बघा. माल वाहून पैसे मिळवायला घेतलेल्या जहाजाला सांगितलं की यापुढे अर्ध्याहून कमी माल ने. मालकाला ही अट मान्य होती की त्यानं फक्त मंजुरीचा कागद हवा म्हणून मान हलवली, हे पुढच्या फेऱ्यांनी दाखवलं. मार्च २०१३मध्ये सेवोल इंचॉन-जेजू मार्गावर आलं. त्यानंतरच्या २४१ फेऱ्यांपैकी १३९ फेऱ्यांत मर्यादेपेक्षा जास्त माल होता, असं सरकारी वकिलांनी मांडलं. त्यातून जादा कमाई झाली २९० कोटी वोनांच्या पुढे. त्याच कंपनीनं २०१३च्या वर्षभरात कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा प्रशिक्षणावर खर्च केले ५,४१,००० वोन. आपल्या रुपयांत त्या वेळचे तीसेक हजार.

बेरीज

आता मला जो भाग सगळ्यात जास्त खुपतो तो सांगतो. ९८७च्या जागी २,१४२ टन भरलेलं जहाज बंदरातून बाहेर पडूच कसं शकलं? गाडी ओव्हरलोड असली तर पाटे बसलेले दिसतात, टायर फुगलेले दिसतात, चढावर इंजिन सांगतं. जहाजालाही तशी खूण असते. बाजूला पांढऱ्या रंगात एक वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ. ही भाररेषा पाण्याखाली गेली की जहाज जास्त भरलं आहे असं समजायचं. सॅम्युएल प्लिमसोल या ब्रिटिश खासदारानं लावून धरलं म्हणून १८७६ साली ब्रिटनमध्ये ती कायद्यानं सक्तीची झाली. त्याआधी विम्याच्या भरवशावर मालक जहाजं वाट्टेल तशी भरायचे आणि खलाशी त्यांच्याबरोबर तळाशी जायचे. आजही जगभर ती रेघ पाळली जाते आणि तिनं अगणित जीव वाचवले आहेत.

इंचॉनच्या धक्क्यावर कुणी सेवोलची रेघ बघितली असेल तर ती ठीकच दिसली असेल. कारण तळाच्या टाक्यांमधून पाणी काढून टाकलेलं होतं. १,७०३ टनांऐवजी सुमारे ७६१ टनच बॅलास्ट होता.

मी कागदावर साधी बेरीज केली. मंजूर माल ९८७ आणि मंजूर बॅलास्ट १,७०३, मिळून २,६९० टन. प्रत्यक्षातला माल २,१४२ आणि बॅलास्ट ७६१, मिळून २,९०३. फरक २१३ टनांचा. एवढ्या मोठ्या जहाजाला २१३ टन म्हणजे, माझ्या ढोबळ हिशेबानं, पाण्यात दहाएक सेंटिमीटर जास्त बसणं. वीतभरही नाही. मर्यादेच्या दुपटीहून जास्त माल, आणि बाहेरून बघणाऱ्याला वीतभराचाही फरक दिसणार नाही. जे वजन तळाशी पाणी म्हणून असायला हवं होतं ते गाड्यांच्या आणि कंटेनरच्या रूपानं वरच्या मजल्यांवर जाऊन बसलं होतं. काट्यावर चढवलं असतं तर जहाज जवळपास पास झालं असतं. उलटं झालं होतं ते वजनाचं रचणं.

याला मी चूक म्हणणार नाही. चुकून माणूस एखादा कंटेनर जास्त चढवेल. टाकीतून पाणी काढायला पंप चालू करावा लागतो, किती काढायचं ते ठरवावं लागतं, रेघेकडे नजर ठेवावी लागते. ज्यानं हे केलं त्याला रेघ काय सांगते ते नीट माहीत होतं. तिचा उपयोग त्यानं लपवण्यासाठी केला.

जहाजावरच्यांना हे जाणवत नव्हतं असंही नाही. सेवोलचा नेहमीचा कप्तान त्या फेरीला रजेवर होता. जहाज स्थिर नाही अशी तक्रार त्यानं आधी कंपनीकडे केली होती आणि तिची दखल घेतली गेली नाही, हे पुढे समोर आलं. अशा तक्रारीचं पुढे काय होतं ते नोकरी करणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. पगार देणारा माणूसच भाडंही मोजत असतो.

धक्क्यावर

१५ एप्रिलला संध्याकाळी साडेसहाला सुटायचं जहाज दाट धुक्यामुळे थांबलं होतं. नऊच्या सुमाराला ते निघालं. त्या रात्री इंचॉनहून निघालेलं ते एकटंच प्रवासी जहाज होतं. निघण्यापूर्वी भरून दिलेल्या फॉर्मवर लिहिलं होतं: १५० गाड्या, ६५७ टन माल. प्रत्यक्षात गाड्याच १८०च्या वर होत्या. कंटेनर होते, आणि शेकडो टन लोखंडी सळया होत्या. त्यातल्या बऱ्याचशा जेजूवर चाललेल्या नौदल तळाच्या बांधकामासाठी जात होत्या.

हा फॉर्म तपासणारा माणूस कोण होता? कोरियात त्या वेळी प्रवासी जहाजांचा माल आणि सुरक्षा तपासणारे अधिकारी कोरिया शिपिंग असोसिएशनचे नोकर असत, आणि ती जहाज कंपन्यांचीच संघटना. ज्याचा माल त्याचाच काटा. आपल्याकडे कोणताही व्यापारी असल्या काट्यावर शेजाऱ्याचा माल तोलून घेणार नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. दुर्घटनेनंतर पत्रकारांनी कागद जुळवले तेव्हा दिसलं की इंचॉन बंदरात प्रत्येक फेरीच्या मालाचं वजन नोंदवणारी एक संघटना होतीच, आणि तिच्याकडे आकडे होते. जहाजाला किती माल चालतो हे ठरवणारी कोरियन रजिस्टर ही दुसरी संस्था. वजनवाल्यांना मर्यादा माहीत नव्हती, मर्यादावाल्यांना वजन माहीत नव्हतं. फेरीमागून फेरी दोन्ही आकडे आपापल्या फाइलीत नीट लावले जात होते. दोन फाइली एका टेबलावर ठेवायला एका दुपारचं काम पुरलं असतं. ते कुणाचंच काम नव्हतं.

पासिंगचा आकडा गाडीवरच लिहिलेला असतो याचं महत्त्व मला हे वाचल्यावर कळलं. फाळक्यावर, दारावर, आरसीत, सगळीकडे. नाक्यावरच्या हवालदारालाही तो दिसतो. पुढे तो काय करतो हा प्रश्न वेगळा, पण त्याला मला माहीतच नव्हतं असं म्हणता येत नाही.

आता बांधणीबद्दल. जहाजावरच्या प्रत्येक गाडीला जमिनीतल्या कड्यांना पट्ट्यांनी बांधायचं असतं. कंटेनरचे चारही कोपरे खालच्या ठोकळ्यांत अडकवून वरून घट्ट आवळायचे असतात. कशाला किती बांधायचं याचं मंजूर पुस्तक असतं. सेवोलवर काही कंटेनरांना ठोकळे बसतच नव्हते. कोपऱ्यांच्या भोकांतून साधा दोर ओवून कंटेनर एकमेकांना बांधले होते. गाड्यांच्या पट्ट्या कमी होत्या. रात्रीची फेरी, आधीच उशीर झालेला, समुद्र शांत, सकाळी जेजू: अशा वेळी ‘रस्सी मारली, चला’ म्हणणारा आवाज मला ओळखीचा वाटतो. मी तो रोज ऐकत होतो.

सळयांबद्दल दोन शब्द जास्त, कारण त्या मी जवळून बघितल्या आहेत. बारा मीटरच्या सळयांचा गठ्ठा तारेनं बांधलेला असतो. तो जागचा हलला की त्याला धरायला काही नसतं. लोखंडावर लोखंड घसरतं. पुलाच्या उतारावर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि मागच्या सळया केबिन फोडून स्टिअरिंगपर्यंत आल्या, अशी एक गाडी आमच्या यार्डात ओढून आणली होती. सीटच्या पाठीतून सळयांची टोकं बाहेर आलेली होती. ड्रायव्हर दार उघडून उडी मारू शकला म्हणून वाचला. गाडीचं वजन पासिंगच्या आत होतं, पण बांधणी नव्हती. तेव्हापासून बिल्टी लिहिण्याआधी मी उठून तार बघून यायचो.

सकाळी ८:४९

मेंगोल सामुद्रधुनी ही जिंदोच्या दक्षिणेकडची, बेटांमधून जाणारी वाट. इथला प्रवाह कोरियातल्या सगळ्यात वेगवान प्रवाहांपैकी एक आहे. मोठ्या जहाजांची ये-जा असते, आणि जिंदोचं वाहतूक नियंत्रण केंद्र त्यांच्यावर लक्ष ठेवतं. त्या सकाळी हवा चांगली होती, समुद्र शांत होता. रात्रीच्या उशिरामुळे जहाज या वाटेवर पोहोचलं तेव्हा ड्युटीवर तिसरी अधिकारी होती. तिशीही न गाठलेली ही तरुणी या वाटेवर पहिल्यांदाच जहाज हाताळत होती. त्या फेरीचा बदली कप्तान आपल्या खोलीत होता.

वळण साधं होतं. होकायंत्रावर १३५ अंशांवरून १४०, मग १४५. पाच-पाच अंशांचे दोन आदेश. जहाज उजवीकडे वळू लागलं, आणि ठरल्यापेक्षा फार जास्त आणि फार वेगानं वळलं. जहाज उजवीकडे वळलं की डावीकडे झुकतं, जसे आपण एसटीत वळणावर बाहेरच्या बाजूला झुकतो. इथपर्यंत कोणत्याही जहाजाचं होईल. चांगलं जहाज इथून परत सरळ होतं. सेवोल झुकलं आणि त्याचा माल सरकला. डावीकडे गेलेल्या मालानं ते आणखी झुकलं, आणि आणखी झुकल्यावर राहिलेला मालही सुटला. पुढच्या डेकवरचे कंटेनर समुद्रात पडले. मोठा आवाज झाल्याचं वाचलेल्या अनेकांनी सांगितलं. काही क्षणांतच जहाज पंचेचाळीस अंशांच्या आसपास कललं होतं, आणि जमीन भिंत झाली होती.

८:५२ला एका विद्यार्थ्यानं मोबाइलवरून ११९ला, कोरियातल्या आपत्कालीन मदतीच्या नंबराला, फोन केला. मदतीची ती पहिली हाक होती. जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी संपर्क केला तो तीन मिनिटांनी, आणि तोही दूरच्या जेजूच्या केंद्राशी. तटरक्षकांची गस्ती बोट साडेनऊच्या सुमाराला पोहोचली. साडेदहाच्या आसपास पाण्यावर फक्त नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, भाग दिसत होता. या दीड-पावणेदोन तासांत मुलांना बाहेर काढता आलं असतं. ते का काढलं नाही यावर कोरियात न्यायालयांत आणि रस्त्यांवर वर्षानुवर्षं लोक भांडले, आणि ते भांडण रास्त आहे. मी त्यात जात नाही, कारण ते दोन ओळींत उरकण्यासारखं नाही.

जहाज इतकं वळलंच का, याची उत्तरं बदलत गेली. आधी ठपका तिसऱ्या अधिकारीवर आणि सुकाणू धरणाऱ्यावर आला. नोव्हेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कप्तानाची जन्मठेप कायम केली, पण वळणाच्या बाबतीत त्या दोघांना दोषी धरलं नाही, कारण यंत्रातला बिघाड नाकारता येत नव्हता. २०१७मध्ये जहाज वर काढल्यावर सुकाणूच्या यंत्रातला एक व्हॉल्व्ह अडकलेला सापडला. त्यावरून तज्ज्ञांमध्ये दोन तट पडले. पाणबुडीची धडक वगैरे गोष्टीही झाल्या, त्यांना आधार मिळाला नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये मोकपोच्या सागरी सुरक्षा न्यायाधिकरणानं सुकाणूच्या बिघाडाकडेच बोट दाखवलं.

मला या वादात एक गोष्ट ठळक दिसते. सुकाणू माणसानं जास्त फिरवलं असो की व्हॉल्व्हनं, पूर्ण फिरलेलं सुकाणू सोसण्याची ताकद जहाजात असावी लागते. समोर अचानक मच्छीमारी होडी आली तर कप्तान तेच करणार. गर्दीच्या वाटेवर तर करावंच लागतं. ९८७ टन माल आणि १,७०३ टन पाणी घेऊन चाललेलं सेवोल त्या वळणावर झुकलं असतं, चहाचे कप पडले असते, मुलं किंचाळली असती आणि मग हसली असती.

नंतर

कंपनीच्या प्रमुखाला सात वर्षांची शिक्षा झाली. मालाची तपासणी करणारे अधिकारी जहाज मालकांच्या संघटनेकडून काढून २०१५मध्ये सरकारी संस्थेकडे दिले. माझ्या मते सगळ्या बदलांत हा सगळ्यात कामाचा. तटरक्षक दल बरखास्त केलं, पुढे २०१७मध्ये पुन्हा उभं केलं. नाव बदलून काय मिळालं ते मला समजलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात कोकणात एका खाडीवर फेरीबोटीत गाडी घातली. माझ्या पुढे जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढला. त्याच्या वजनानं बोटीचा पुढचा भाग दबलेला दिसला. तिकीट फाडणाऱ्या पोराला विचारलं, “ट्रकमध्ये किती टन आहे रे?” तो म्हणाला, “काका, भरलेला आहे, एवढं कळतं. टनाचं कोण विचारतंय?” ट्रकच्या चाकांखाली ठोकळा नव्हता. ड्रायव्हर उतरून रेलिंगला टेकून तंबाखू मळत होता. दहा मिनिटांची खाडी, पाणी आरशासारखं. पोरगा गुणी होता. बायका-मुलांना ट्रकपासून लांब उभं करत होता. टनाचा आकडा विचारायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मी बोटीच्या बाजूची रेघ शोधली. रंगावर रंग चढून ती पुसट झाली होती, आणि डावीकडच्या टायरांमागे झाकली गेली होती. पलीकडे उतरल्यावर मी त्याला पुन्हा गाठलं आणि रेघ कुठे आहे ते दाखवलं. त्यानं वाकून, हातानं टायर बाजूला करून ती बघितली.

सेवोल तीन वर्षं समुद्राच्या तळाशी होतं. मार्च २०१७मध्ये ते वर काढून मोकपोच्या बंदरात आणलं. मुलांचे आई-वडील कुंपणाबाहेर तंबू ठोकून बसले होते, कारण काही जण तोवर सापडले नव्हते. त्यांतले पाच जण अजूनही सापडलेले नाहीत. गंजून, चिखलात दाबून एकमेकांवर रचल्या गेलेल्या गाड्या एकेक करून बाहेर काढल्या. काही गाड्यांच्या डॅशकॅमेऱ्यांतलं चित्रण तंत्रज्ञांनी परत मिळवलं. कॅमेऱ्यासमोर दुसरी गाडी उभी आहे, तिची नंबरप्लेट दिसते आहे, काही होत नाही. मग समोरची गाडी बाजूला सरकू लागते आणि चौकटीबाहेर जाते. या चित्रणांवरूनच तपासणाऱ्यांनी जहाज कोणत्या क्षणी किती कललं होतं ते ठरवलं.

बाहेर काढलेल्या मालाचा हिशेबही नव्यानं झाला. गाड्या, सळयांचे गठ्ठे, कंटेनर, एकेक नग जागेसकट आणि वजनासकट लिहिला गेला. आकडा निघाला २,२०० टनांच्या वर, न्यायालयात सांगितलेल्यापेक्षा सत्तरेक टनांनी जास्त.